दहा महिन्यांना एक बाक

पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

"घरात आम्ही दोघं, दोन मुलं (११ आणि ७) आणि सासूबाई (वय ७४). जेवणाचं टेबल ५ बाय ३ फूट, खुर्च्या चार. टेबलाची एक आखूड बाजू भिंतीला लागते आणि दुसऱ्या बाजूला फ्रिजचं दार उघडतं, त्यामुळे तिथे खुर्ची बसत नाही. रोज कुणीतरी एक जण ताट घेऊन सोफ्यावर. एका लांब बाजूच्या खुर्च्या काढून तिथे लाकडी बाक करावा असं माझं म्हणणं. सुतारकाका सागवानात, सगळं धरून १६,५०० सांगतात. मिस्टरांना स्वतः करायचा आहे, त्यांनी हत्यारांची २१,४०० ची यादी केली आहे. दीर म्हणतात हे सगळं सोडा, शोरूममध्ये सहा खुर्च्यांचा सेट ५८,००० ला आहे, बारा महिने नो-कॉस्ट ईएमआय. सासऱ्यांच्या वाड्यातल्या दोन सागवानी चौकटीही पार्किंगमध्ये पडून आहेत. आमची दोघांची मिळून आवक ९२,०००. घराचा हप्ता ३१,०००, घरखर्च ४६,०००, एसआयपी ८,०००. एफडी दीड लाखाची आहे, ती मोडायची नाही असं ठरलंय. कार्डावर ३२,००० बाकी आहेत, त्याचे १,६०० भरतो. बाकासाठी एसआयपी दोन महिने थांबवली तर चालेल का? गणपतीच्या आधी हवा आहे."

ताई, पत्र दोनदा वाचलं. बाकाबद्दल तुम्ही पंधरा ओळी लिहिल्यात आणि कार्डाबद्दल अर्धी. मी आधी त्या अर्ध्या ओळीकडे जातो, कारण बाकाचे पैसे तिथेच अडकलेत.

तुम्ही "१,६०० भरतो" म्हणता ते मिनिमम ड्यू, म्हणजे महिन्याला किमान भरावीच लागणारी रक्कम, तुमच्या बाकीच्या ५ टक्के. अशा बाकीवर बहुतेक कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. तुमच्या कार्डाचा नेमका दर स्टेटमेंटवर छापलेला असतो, तो बघा. साडेतीन धरले तर ३२,००० वर महिन्याला १,१२० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे २०२. झाले १,३२२. भरलेल्या १,६०० मधून मुद्दल फिटलं २७८ रुपये! शिवाय बाकी थकलेली असताना त्याच कार्डावर नवी खरेदी केलीत, तर तिला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. किराणा त्याच कार्डावर होत असेल तर खरा आकडा याहून मोठा आहे.

आता दुसऱ्या खिशात बघा. एफडीवर पावणेसात टक्के मिळत असतील असं धरू. ३२,००० वर वर्षाला २,१६०, म्हणजे महिन्याला १८० रुपये. एका हाताने १८० घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने १,३२२ द्यायचे, असा हा व्यवहार आहे. एफडी मोडायची नाही हा नियम चांगला, पण तो आजारपण, नोकरी जाणं यांसाठी. कार्डाला पोसण्यासाठी नाही. पूर्ण मोडू नका. बँक अंशतः काढू देत असेल तर ३२,००० तेवढे काढा. देत नसेल तर मोडून उरलेल्याची लगेच नवी करा. मुदतीआधी मोडल्याचा दंड साधारण अर्धा ते एक टक्का असतो. तो सोसा.

याच उत्तरात पुढे मी बाकाचा खर्च मांडला आहे, तो तेरा हजारांच्या आत-बाहेर येतो. म्हणजे आज तुम्ही बँकेला दर दहा महिन्यांना एक सागवानी बाक करून देताय. तुमच्या घरी मात्र एक जण सोफ्यावर जेवतोय.

कार्ड फिटलं की महिन्याचे १,६०० सुटतात. तुमच्याच आकड्यांप्रमाणे सगळं वजा जाता ५,४०० आधीच उरतात. झाले ७,०००. दोन महिन्यांत १४,०००, त्यात बाक बसतो. एसआयपीला हात लावायची गरजच पडत नाही. दोन हप्ते चुकल्याने आभाळ कोसळत नाही हे मीही मानतो, आणि १६,००० चे वीस वर्षांत किती झाले असते असले तक्ते दाखवून मी कुणाला घाबरवत नाही. पण थांबवलेली एसआयपी ठरल्या तारखेला परत सुरू झालेली मी फार कमी घरांत पाहिली आहे.

आता बाक. शोरूमचा सेट मी आधी बाजूला काढतो. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये बँक व्याज लावतेच, दुकान तेवढी सूट दाखवून ते झाकतं. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते हे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१३ मध्येच बजावलं होतं. १५ टक्के दर धरला तर तुमच्या सेटच्या ५८,००० मध्ये साधारण ४,४५० व्याजाचेच असतात आणि त्यावरचा जीएसटी, सुमारे ८००, दुकान देत नाही, तुम्ही देता. प्रोसेसिंग फी वेगळी. दिरांना सांगा, दुकानात जाऊन "रोख दिले तर किती?" एवढं विचारून या. जो आकडा कमी होईल ती त्या 'नो-कॉस्ट'ची कॉस्ट. आणि हे सगळं सोडलं तरी सहा खुर्च्यांचा सेट तुमच्या जागेत बसवणार कुठे? ज्या घरात टेबलाच्या टोकाला खुर्ची मावत नाही त्या घराला आणखी मोठं टेबल सुचवणं हे दिराचं काम झालं, सल्लागाराचं नाही. (टोकाची बाजू मोकळी असती तर मी बाकही नको म्हटलं असतं. एक प्लास्टिकची खुर्ची, विषय संपला.)

सुतारकाकांचे १६,५०० योग्य आहेत का? लाकडाचा हिशेब तुम्ही घरी करू शकता. वखारीत सागवान घनफुटावर विकतात. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. बसायची फळी, चार पाय, खालची चौकट आणि मधला आडवा दांडा असं सगळं मोजून, कापण्या-रंधण्यातली घट धरून दीड घनफूट लागेल. सागवानाचा भाव प्रतीप्रमाणे फार बदलतो. बाहेरून येणारं सागवान स्वस्त, बल्लारशाचं महाग. मधला म्हणून ४,००० धरला तर लाकूड ६,०००. मजुरी तीन दिवसांची १,३०० प्रमाणे ३,९००. पॉलिश २,५००. गोंद, स्क्रू, सँडपेपर ६००, टेम्पो ७००. बेरीज १३,७००. वरचे २,८०० काकांचे. चार वर्षांनी बाक डुगडुगला तर हक्काने बोलावता येईल असा माणूस त्या पैशांत मिळतो, म्हणून तिथे घासाघीस करू नका. लाकडाचा भाव आणि जात मात्र वेगळी लिहून घ्या, आणि फळीत पांढरट भाग किती आहे ते डोळ्यांनी बघा. सागवानाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात. कडेच्या पांढऱ्या भागाला कीड लवकर लागते.

एक दुरुस्ती मात्र करा, तिने पैसेही वाचतील. काकांनी बाक टेबलाएवढा, पाच फुटी धरला असेल, तसाच धरतात. टेबलाच्या दोन पायांमधलं आतलं अंतर मोजा. पाच फुटी टेबलाला ते साडेचार फुटांच्या जरा आत भरतं. बाक त्याहून इंचभर आखूड, म्हणजे ४ फूट ४ इंच केलात तर जेवण झाल्यावर अख्खा टेबलाखाली सरकेल. पाच फुटी बाक टेबलाच्या पायांना अडणार आणि कायम वाटेत राहणार. पुण्यात चौरस फुटाचा भाव तुम्हाला मी सांगायला नको. वरचा दीड घनफुटाचा हिशेब मी या आखूड बाकाचाच केला आहे. उंची १७ ते १८ इंच, खोली १४-१५. टेबलाची उंची ३० इंच असते असं धरून चालू नका, मोजा. बसायची जागा आणि टेबलाचा वरचा पृष्ठभाग यांत बारा इंचांच्या आसपास अंतर हवं. दोन्ही मुलं आणि तुमच्यापैकी एक जण त्यावर आरामात मावतील. सासूबाईंना मात्र बाकावर बसवू नका. पाठ टेकायला काही नाही, उठताना धरायला हात नाहीत. त्यांची खुर्ची त्यांनाच ठेवा.

वाड्याच्या चौकटींबद्दल मला जास्त उत्सुकता आहे. तुम्ही मापं दिली नाहीत. जुन्या दाराची चौकट साधारण चार बाय तीन इंचांची, उंची सात फूट धरली तर दोन चौकटींच्या चार उभ्या मिळून २.३ घनफूट होतात, वरच्या आडव्या धरून २.९ पर्यंत. दाराची खाच, बिजागऱ्यांची भोकं, कुजलेलं टोक असं चाळीस टक्के गेलं तरी पावणेदोन उरतं. बाक सहज होतो. वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड, आता ते पावसाळ्यात फुगून वाकडं व्हायची भीती कमी.

पण फुकट आहे म्हणून ६,००० वाचले असं समजू नका. आधी आरागिरणीत नेऊन चिरून घ्यावं लागेल. त्याआधी एकूण एक खिळा उपसावा लागेल. आत मोडून राहिलेला एक खिळा पात्याला लागला तर पातं जातं, आणि गिरणीवाला ते पैसे तुमच्याकडूनच घेणार. चिराई-वाहतुकीचे हजार आणि सुतारकाकांचा जादा दिवस १,३०० धरा. काकांच्या १६,५०० मधून लाकडाचे ६,००० वजा, हे २,३०० अधिक. बाक पडतो १२,८०० ला. बचत ३,७००. तरीही मी हाच पर्याय घेईन, आणि तो ३,७०० साठी नाही. सासूबाई ज्या दारातून घरात आल्या असतील त्या चौकटीवर नातवंडं बसून जेवणार, याला कोणत्या रकान्यात घालायचं ते मला येत नाही. एकदा त्यांना विचारा मात्र. लाकूड त्यांचं आहे.

राहिले मिस्टर. इथे मी थोडा हळवा आहे हे आधीच सांगतो. लॉकडाऊनमध्ये मीही ड्रिल आणि जिगसॉ आणून चपलांचं कपाट केलं होतं. ते आजही एका बाजूला कलतं, त्याखाली पुठ्ठ्याची घडी आहे, आणि जिगसॉ तेव्हापासून माळ्यावर. त्यामुळे यादी बघून हसू आलं. सर्क्युलर सॉ, ड्रिल, सँडर, रंधा, सहा क्लॅम्प, जिगसॉ, गुण्या-चष्मा वगैरे मिळून २१,४००. नवीन लाकूड आणि पॉलिशचं सामान ७,८०० धरलं तर पहिला बाक २९,२०० ला पडेल. "हत्यारं पुढेही वापरता येतील" हे खरं, पण पुढे काय करायचं आहे ते यादीत नाही.

माझं त्यांना सांगणं असं की बाक ही घराची गरज, सुतारकाम हा त्यांचा छंद. दोन्हींची खाती वेगळी ठेवा. छंदाला पैसे घालू नयेत असं मी कधीच म्हणणार नाही. ट्रेकिंगचे बूट घेताना आपण "याने घराचं काय भलं होणार" असं विचारत नाही. पण बाकाच्या नावावर हत्यारं घेतली की बाक अर्धवट राहिला तरी बोलता येत नाही आणि घरात धुसफूस सुरू. त्यापेक्षा या वेळी त्यांनी काकांच्या हाताखाली काम करावं. खिळे उपसणं त्यांचं. त्याला पकड, हातोडी आणि दोन रविवार लागतात, आणि काकांचा जादा दिवस वाचतो. घासून काढणं आणि पॉलिशही त्यांनीच करावं. फार तर एक सँडर घ्या, ३,००० चा. पॉलिशच्या २,५०० पैकी निम्मे वाचतील. म्हणजे सँडरचे बहुतेक पैसे भरून निघतात आणि बाक सव्वातेरा हजारांच्या आसपास राहतो. मूळ सांधे, पायांना घट्ट बसणारी खालची चौकट, हे मात्र काकांच्याच हातचं असू द्या. तीन माणसांचं वजन रोज पेलायचं आहे. आणि सँडर पार्किंगमध्ये चालवा. फ्लॅटमध्ये त्याची धूळ चार दिवस डाळीतही सापडते.

गणपतीचा हट्ट सोडा. पैसे दोन महिन्यांनी जमतात हे एक कारण, पण हवा हेही आहे. पावसाळ्यातल्या दमट दिवसांत पॉलिश नीट वाळत नाही, पांढरट पडतं. खिळे उपसणं, चिराई, जोडणी आत्ता करा. पॉलिश दसऱ्याच्या सुमाराला, ऊन पडल्यावर. गणपतीत तुमच्याकडे माणसं जास्त येणार, तेव्हा टेबल बाल्कनीत ढकलून पंगतच बसेल ना?

दिवाळीनंतर महिन्याचे ते ७,००० पाच महिने एफडीकडे वळवा, काढलेले ३२,००० परत भरतील. तुमचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिना ७७,००० चा आहे, त्यामानाने दीड लाख म्हणजे दोन महिनेसुद्धा नाहीत. म्हणून तिथेही थांबू नका. आणि मोकळ्या झालेल्या दोन खुर्च्या विकायची घाई करू नका, त्यांचे हजार-पाचशेच येतील.