वाचकांचे प्रश्न : टेलनेटने मेल वाचावी का?

प्रश्न : मी निवृत्त प्राध्यापक असून इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. माझी मेल ज्या संस्थेच्या सर्व्हरवर येते, तिथे मी वर्षानुवर्षे टेलनेटने, म्हणजे दूरच्या संगणकावर लॉगिन करण्याच्या जुन्या पद्धतीने, आत शिरून टर्मिनलमध्येच (नुसत्या मजकुराच्या खिडकीत) पत्रे वाचतो. आता संस्था टेलनेट बंद करून त्याच कामाची एसएसएच ही दुसरी पद्धत वापरायला सांगते आहे. पासवर्ड दोन्हीकडे द्यावाच लागतो आणि टेलनेटमध्ये तो पडद्यावरही दिसत नाही. मग फरक काय? शिवाय एसएसएच पहिल्याच वेळी अक्षरांची लांबलचक माळ दाखवून ‘यस’ की ‘नो’ असे विचारते. काय उत्तर द्यावे?

उत्तर : पडद्यावर न दिसणारा पासवर्ड गुप्त आहे, हा समजच या प्रकरणात सर्वाधिक घात करतो. टाइप केलेले अक्षर पडद्यावर उमटू द्यायचे की नाही एवढेच पलीकडचा सर्व्हर ठरवतो. ते अक्षर वाटेने मात्र जसेच्या तसे, कोणत्याही कूटलेखनाशिवाय जाते. स्टेशनवरच्या एखाद्या उघड्या वायफायवरून आपण लॉगिन केलेत, तर जवळ बसलेला माणूस वायरशार्कसारख्या, जाळ्यावरची ये-जा टिपणाऱ्या मोफत साधनाने आपला पासवर्ड आणि त्यामागून येणारी पत्रेही वाचू शकतो. बँकेपासून सगळीकडचे पासवर्ड बदलण्याचे दुवे याच मेलवर येत असतील, तर नुकसान पत्रांपुरते राहत नाही.

टेलनेटचे प्रमाणित रूप १९८३ सालचे आहे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथल्याच तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिले. त्यात पासवर्ड विचारण्याआधीच सगळी वाट कूटबद्ध होते.

आता त्या माळेविषयी. ती सर्व्हरच्या किल्लीचा, म्हणजे त्याची ओळख पटवणाऱ्या संकेताचा, ठसा असते. पहिल्या भेटीत समोरचा सर्व्हर खरा की मध्येच कुणी उभा केलेला तोतया, हे एसएसएचला स्वतःहून ओळखता येत नाही, म्हणून ते आपल्याला विचारते. आणि बहुतेक जण न वाचता ‘यस’ टाइप करून ते संरक्षण घालवून बसतात. आपण संस्थेच्या व्यवस्थापकांना फोन करून ठसा विचारावा, अक्षर न् अक्षर जुळवावे आणि मगच होकार द्यावा. हे मेलवर विचारू नये, कारण शंका त्याच वाटेविषयी आहे. पुढे कधी ‘ठसा बदलला आहे’ असा इशारा आला, तर सर्व्हर नव्याने बसवला असण्याचीही शक्यता असते, पण फोनवर खात्री होईपर्यंत लॉगिन करू नये.

एसएसएचने आत शिरल्यावर पहिले काम पासवर्ड बदलण्याचे करावे, कारण जुना इतकी वर्षे उघड्यावरून गेलेला आहे. तोच इतरत्र वापरला असेल, तर तिथेही बदलावा. टर्मिनलमध्ये मेल वाचण्याची सवय मात्र मुळीच सोडू नये. नुसता मजकूर दिसत असल्याने पत्रातली पाळत ठेवणारी छुपी चित्रे तिथे उघडतच नाहीत. फक्त सायबर कॅफेतल्या किंवा दुसऱ्या कुणाच्या संगणकावरून लॉगिन टाळावे, कारण कळफलकावरचीच नोंद चोरणारा प्रोग्रॅम तिथे असेल, तर एसएसएचही काही करू शकत नाही.