माझगावात पुनर्विकासाच्या आशेने पागडीची खोली घ्यावी का?

पागडी म्हणजे एकरकमी पैसे देऊन भाडेकरूचा हक्क घेणं; म्हणून आधी जमीन कोणाची ते बघा. खासगी मालकाची, १९४० पूर्वीची उपकरप्राप्त (म्हाडाला दुरुस्तीचा उपकर भरणारी) इमारत असेल तर मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मिळतं. जमीन मुंबई पोर्टाची (बंदर प्राधिकरणाची) असेल तर गाडं भाडेपट्ट्यावर अडतं, आणि 'फाइल वर गेलीय' ऐकण्यात वर्षं जातात. मी तरी त्या वाटेला जाणार नाही. भाडेपावती तुमच्या नावावर करून देण्याचं मालकाकडून लेखी घ्या, मगच पैसे.

राहायला मात्र झकास! भाऊच्या धक्क्यावर पहाटे ताजी मासळी, तिथूनच मांडव्याची रो-रो (गाड्याही नेणारी बोट), हार्बरचं डॉकयार्ड रोड स्टेशन जवळ. ट्रकांची धूळ खावी लागेल. आणि खिडकीतून समुद्र दिसेल म्हणून घेत असाल तर थांबा, मध्ये गोदी आहे.