घर सासूबाईंच्या नावावर, मग तुम्ही कुठे?

ताई, तुम्ही लिहिता : नोकरी सुटल्यापासून नवरा पितो, तुमच्या पगाराचं एटीएम कार्ड त्याच्याच खिशात असतं, प्यायला की अंगावर हात टाकतो. सासूबाई म्हणतात, सांभाळून घे, नाहीतर घर माझ्या नावावर आहे, चालती हो. दारू सुटेपर्यंत थांबू का, असं तुम्ही विचारता.

थांबू नका. दारूचा आणि मारहाणीचा संबंध आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) ज्यांचे नवरे वरचेवर पिऊन तर्र होतात, अशा सुमारे 70 टक्के बायकांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. न पिणाऱ्यांच्या बायकांत हे प्रमाण सुमारे 23 टक्के होतं. म्हणजे दारूला न शिवणारेही हात उगारतातच.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात 'नोकरी गेली होती हो' ही सबब चालत नाही. तरी या कायद्याखाली कोर्टात कराल त्या अर्जात सगळं लिहा, कार्डाचंसुद्धा. ती आर्थिक हिंसा आहे. मार सगळ्याजणी सांगतात, कार्डाचं मात्र मला खोदून विचारावं लागतं.

आता घर. सतीशचंद्र आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं, की सून जिथे नांदली ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी तिला तिथे राहण्याचा हक्क असू शकतो. मालकी मिळत नाही, पण कायदेशीर मार्गाशिवाय कुणी बाहेरही काढू शकत नाही. सासूबाई वयस्कर असतील तर त्यांचाही विचार होतो. मग नवऱ्याने तुम्हाला दुसरं घर द्यावं किंवा भाडं भरावं, असाही आदेश निघू शकतो.

हा अर्ज म्हणजे त्याच कायद्यातला कलम 12 चा अर्ज. तो संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (या कायद्यासाठी सरकारने नेमलेला अधिकारी) करता येतो, आणि माहेरी गेलात तर तिथल्या कोर्टातही चालतो. सोबत कलम 23 खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश मागाच, कारण निकालाला कायद्यातले 60 दिवस क्वचितच पुरतात. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलिसांत वेगळी तक्रार करायची तर नवऱ्याकडून किंवा सासरच्यांकडून होणाऱ्या छळासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 85 आहे, म्हणजे जुनं 498अ.

दवाखान्यात 'पडले' म्हणू नका. केसपेपरवर खरं कारण येऊ द्या. रात्री-अपरात्री मदत लागली तर 112 (पोलीस) किंवा 181 (महिला हेल्पलाइन) लावा.

पगार दुसऱ्या खात्यात जरूर वळवा, पण आधी सुरक्षित ठिकाणी पोचा. कार्ड रिकामं झाल्याचं त्याला कळेल, तेव्हा तुम्ही त्या घरात एकट्या असता कामा नये.