यूट्यूबवरील इंग्रजी व्हिडिओ आपोआप हिंदीत का ऐकू येतो?

निपाणीहून आपण विचारले आहे, पण हा आपल्या मोबाईलमधील बिघाड नव्हे; यूट्यूबची स्वयंचलित डबिंग यंत्रणा मूळ बोलण्याचे भाषांतर करून ते कृत्रिम आवाजात ऐकवते आणि कोणता आवाज लावायचा हे प्रेक्षकाच्या भाषेच्या अंदाजावरून ठरवते. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि टीव्हीवर हिंदी अशा आपल्या सीमाभागात तो अंदाज चुकला तर नवल नाही. व्हिडिओ चालू असताना दातेरी चाकाच्या चिन्हावर जाऊन ‘ऑडिओ ट्रॅक’मध्ये ‘मूळ’ असे लिहिलेली भाषा निवडावी. डबिंग मुळातूनच बंद करण्याचा अधिकार मात्र चॅनेलचालकाकडे असतो. प्रेक्षकाला आधी विचारण्याची रीत या कंपन्यांकडे आहे कुठे म्हणा!