आरामाच्या आसनांत आराम का मिळत नाही?

प्रश्न : शवासनात पाचेक मिनिटांत कंबर अवघडते. भिंतीला पाय लावून विपरीत करणी केली, की तळपायांना मुंग्या येतात. माझे काय चुकते?

उत्तर : आधार कमी पडतो आहे. संथ योगात, म्हणजे उशी-ब्लँकेटचा आधार घेऊन अंग सैल सोडायच्या योगप्रकारात, एकेक आसन पाच ते पंधरा मिनिटे टिकवायचे असते. तेवढा वेळ एखादा जरी स्नायू शरीर तोलून धरत असला, तरी तो दुखणारच. इथे ताण जाणवायलाच नको.

जांघेतले स्नायू आखडलेले असतील, तर पाय सरळ करताच ते कमरेला वर ओढतात आणि कमरेखाली पोकळी राहते. बरेच जण उशी नेमकी त्या पोकळीत सारतात; त्याने बाक वाढतो. लोड किंवा गुंडाळलेले ब्लँकेट गुडघ्यांखाली घ्या. गुडघे दुमडले, की कंबर आपोआप जमिनीला टेकू लागते. डोक्याखाली पातळ घडी हवी, इतकीच की कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर राहील. आणि पांघरूण घ्याच! निश्चल पडल्यावर अंग गार पडते आणि स्नायू पुन्हा आवळतात.

विपरीत करणीत नितंब भिंतीला चिकटवण्याचा हट्ट नको. मांडीची मागची बाजू ताठ असेल तर वीतभर मागे सरका, गुडघे सैल ठेवा. मुंग्या आल्या की पाय खाली घ्या. पुढच्या वेळी पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवून पाहा. सुरुवातीला पाच मिनिटे पुरेत. काचबिंदू किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे आसन करू नका. गरोदरपणाच्या उत्तरार्धात उताणे पडून राहणे टाळा, कुशीवर झोपा.

प्रश्न : श्वास मोजावा का? मला तर झोपच लागते.

उत्तर : सुरुवातीचे आठ-दहा श्वास मोजा. तीन अंकांत आत, पाच-सहा अंकांत बाहेर. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून सोडणे लांबवायचे. दम कोंडल्यासारखे वाटले तर अंक कमी करा. नंतर मोजणे सोडून द्या, नाहीतर त्याचीच धास्ती लागते.

झोप लागली तर लागू द्या, शरीराला ती हवी असते. हळू आवाजाचा गजर मात्र लावून ठेवा. उठताना आधी कुशीवर वळा, मिनिटभर थांबा, मग हातांनी जमीन रेटत बसते व्हा. डोके सर्वांत शेवटी उचला; झटकन उठल्यास रक्तदाब उतरून चक्कर येते.