वकील मुलाचा मित्र नको, तुमचा हवा

प्रश्न : मी ७२ वर्षांचा निवृत्त शिक्षक. पुण्यातला फ्लॅट मी पगारातून घेतला, तो माझ्या एकट्याच्या नावावर आहे. सातारा जिल्ह्यातली आजोबांपासूनची दीड एकर शेती भावांशी वाटणी होऊन माझ्या नावे लागली. दोन मुलगे आपापल्या घरी आहेत. घटस्फोटित मुलगी आमच्याकडे राहते आणि आमचं सगळं तीच पाहते. फ्लॅट आधी पत्नीला, तिच्यानंतर मुलीला द्यावा अशी माझी इच्छा आहे. सोसायटीत नॉमिनी मात्र थोरला मुलगा आहे. तो म्हणतो, "माझा मित्र वकील आहे, तो मृत्युपत्र करून आणेल, तुम्ही फक्त सही करा." वेगळा वकील करायची खरंच गरज आहे का?

उत्तर : गुरुजी, कायद्याने मृत्युपत्राला वकील लागत नाही. साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे तुमची सही आणि ती पाहणाऱ्या दोन साक्षीदारांच्या तुमच्यासमोर सह्या, एवढं पुरतं. तरीही तुम्हाला मी सांगेन, वकील कराच. कारण 'आधी पत्नीला, तिच्यानंतर मुलीला' हे तुमचं एक वाक्य.

ते जसंच्या तसं मृत्युपत्रात उतरलं, तर पत्नी फ्लॅटच्या पूर्ण मालक झाल्या असा अर्थ लावला जाऊ शकतो. मग त्या मृत्युपत्र न करता गेल्या, तर फ्लॅट तिन्ही मुलांत सारखा वाटला जाईल आणि मुलीला एक तृतीयांश मिळेल. पत्नीला हयातीपुरताच हक्क द्यायचा म्हटलं, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १४ आडवं येतं. पत्नीचा पोटगीचा हक्क मुळातच असतो, म्हणून असा मर्यादित हक्क पूर्ण मालकीत बदलतो का, यावर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल एका दिशेचे नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला गेला. म्हणून माझं मत असं : फ्लॅट थेट मुलीला द्या, पत्नीला तिथे हयातभर राहण्याचा हक्क स्पष्ट लिहून ठेवा, आणि पत्नीनेही स्वतःचं मृत्युपत्र करून आपला जो काही हक्क निघेल तो मुलीला द्यावा. मुलगी आधी गेली तर काय, हेही लिहा. हा मसुदा छापील नमुन्यावरून होत नाही.

नॉमिनीची धास्ती सोडा. सोसायटीतला नॉमिनी वारसांच्या वतीने मालमत्ता ताब्यात घेतो, मालक होत नाही. शेअर्सबाबतही डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. सोसायटीत नाव बदलून घ्या, म्हणजे पुढची कटकट वाचेल.

शेतीचं उत्तर जुन्या फेरफारांत, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदींत आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला; आजोबा त्याआधी वारले की नंतर, यावर जमीन एकत्र कुटुंबाची की तुमची एकट्याची, हे बरंचसं ठरतं. एकत्र कुटुंबाची निघाली तर मृत्युपत्राने फक्त तुमचा हिस्सा देता येईल. तुम्ही, पत्नी आणि तीन मुलं असे पाच वाटे धरले तर तो एक पंचमांश. मुलीचा हिस्सा मुलांइतकाच असतो, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर त्यावर वाद उरलेला नाही. सातबाऱ्यावर फक्त तुमचं नाव आहे एवढ्यावर विसंबू नका.

आता वकील कोण? थोरल्याचा मित्र नको. तो माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तो ज्याच्या सांगण्यावरून येतो त्याचा हितसंबंध या कागदात आहे. आणि हे मुलीलाही तितकंच लागू आहे, किंबहुना जास्त. ज्याला लाभ होणार त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला, की न्यायालय संशयाने पाहतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५८ च्या निकालापासून हे तत्त्व पक्कं आहे. मुलगी तुमच्या घरात राहते, तेव्हा "तिने दबाव टाकून लिहून घेतलं" हा आरोप तर होणारच असं धरून चला. म्हणून वकील तुम्ही शोधा, दिवाणी कामं करणारा. फी आधी विचारून घ्या आणि ती तुमच्या खात्यातून द्या. बोलणी एकट्याने करा. मुलांना बाहेर बसायला न सांगणारा वकील मला तरी या कामाला योग्य वाटत नाही. जाताना फ्लॅटचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, सातबारा, जुने फेरफार आणि ठेवींची यादी न्या.

साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान आणि लाभार्थी नसलेले निवडा, कारण पुढे त्यांपैकी किमान एकाला न्यायालयात उभं राहावं लागू शकतं. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा आणि दुय्यम निबंधकांकडे नोंदणी करा. मुलग्यांना फ्लॅट का दिला नाही, हे दोन ओळींत, तुमच्या शब्दांत लिहा, राग न आणता.

"२०० रुपयांच्या मुद्रांकावर बक्षीसपत्र करून टाका" असंही कुणी सुचवेल. शुल्क कमी लागतं हे खरं, पण बक्षीसपत्राने मालकी आजच जाते, आणि तुम्ही दोघं त्याच घरात राहता. ते करू नका. मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येतं.