राजीनामा देण्याआधी

चि. ...स अनेक आशीर्वाद,

राजीनामा लिहून ठेवला आहेस, फक्त द्यायचा बाकी आहे, असं तुझ्या पत्रात वाचलं. तुझी गाणी मला मनापासून आवडतात आणि म्हणूनच सांगतो, तो कागद इतक्यात देऊ नकोस.

बिल विदर्स हा अमेरिकन गायक-गीतकार तू ऐकला आहेसच, आता त्याचं आयुष्यही बघ. १९३८ सालचा जन्म, वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क या कोळसा खाणीच्या गावातला. लहानपणी बोलताना अडखळायचा. पुढे नऊ वर्षं नौदलात काढली. १९६७ साली लॉस एंजेलिसला आला आणि विमानातल्या शौचालयांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागला. कमाईतले पैसे घालून डेमो रेकॉर्ड करायचा. पहिला अल्बम निघाला १९७१ साली, म्हणजे वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, आणि त्याच्या मुखपृष्ठावर तो कारखान्यातच उभा आहे, हातात जेवणाचा डबा घेऊन. तू सत्ताविसाव्या वर्षी ‘उशीर झाला’ म्हणतेस!

त्या अल्बममधलं ‘एन्ट नो सनशाइन’ पुन्हा ऐक. मध्ये तो ‘आय नो’ एवढंच सव्वीस वेळा म्हणतो. तिथे खरं तर शब्द लिहायचे राहिले होते. स्टुडिओतले जाणते वादक म्हणाले, असंच राहू दे, आणि त्यानं ते ऐकलं. निर्माता म्हणून बुकर टी. जोन्ससारखा नावाजलेला ऑर्गनवादक समोर असताना ऐकावंच. पण त्याची पहिली कंपनी १९७५ साली बंद पडली, तो मोठ्या कंपनीत गेला, आणि तिथले अधिकारी त्याला गाणं कसं असावं ते सांगू लागले. त्यांचं त्यानं ऐकलं नाही. १९७८ नंतर थेट १९८५ पर्यंत त्याचा स्वतःचा अल्बम आला नाही, आणि तो १९८५चा शेवटचाच. त्यानंतर २०२० साली जाईपर्यंत पुन्हा त्या धंद्यात शिरला नाही.

लोक याला शोकांतिका म्हणतात. मला तसं वाटत नाही. कष्टाची नोकरी केलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायची भीती कमी वाटते, असं मला वाटतं. तुझ्या हातात पगार आहे तोवर कोणाचं ऐकायचं हे तू ठरवशील. तो गेला की ज्याच्याकडे पैसे, त्याचं ऐकावं लागेल.

आणखी एक, तुझ्या गाण्यांबद्दल. ‘लीन ऑन मी’ची चाल पेटीवर वाजवून बघ: सा रे ग म, म ग रे सा. पहिल्या महिन्यात मुलांना शिकवतो तेवढंच. १९७२ साली ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, कारण त्यात त्या खाणीच्या गावातला शेजार आहे, अडीअडचणीला धावून येणारा. आजीवर लिहिलेल्या गाण्यात त्यानं फक्त तिचे हात घेतले. तुझ्या नव्या चार गाण्यांत चंद्र आहे, समुद्र आहे, विरह आहे. रात्रपाळीहून पहाटे घरी येताना तू काय बघतेस, ते एकातही नाही.

ते लिही. दोनच कडवी असली तरी चालतील. चाल न लावता, नुसते शब्द रविवारपर्यंत मला पाठव.

तुझा,
काका